बाराच्या भावात

बरेच दिवस हे लिहायचं लिहायचं म्हणत होतो. दोनदा अर्धं लिहून सोडून दिलं. परवा रात्री अकरा वाजता मामांचा फोन आला, आणि मग म्हटलं आता लिहूनच टाकू. फोनचं शेवटी सांगतो, आधी सुरुवातीपासून.

लग्नाकार्यात भेटणारी माणसं विचारतात, "सध्या काय चालू आहे?" पूर्वी या प्रश्नाला माझ्याकडे तीन शब्दांचं उत्तर होतं. "अंबडला कंपनीत आहे." नाशिकमध्ये एवढं पुरतं. कुठली कंपनी, काय बनते, कुणी विचारत नाही. सिडकोतल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी 'कंपनीत' असतं. आता मी म्हणतो, "एनर्जी ऑडिटर आहे." मग समोरच्याचा चेहरा बदलतो. एकाला वाटलं मी सीए झालो. एक काका जरा घाबरलेच, म्हणाले, "म्हणजे ते वीजचोरी पकडायला येतात, ते का?" परवा एका उत्साही भाच्यानं मात्र लगेच ओळखलं, "वा मामा, ग्रीन जॉब!" त्याला म्हटलं, हो रे बाबा, ग्रीन.

तर झालं असं की, १९९७ साली डिप्लोमा संपवून मी अंबडच्या एका कंपनीत मेन्टेनन्सला लागलो. कंपनीचं नाव सांगत नाही, गरजही नाही. डिझेल इंजिनाला इंधन पोचवणाऱ्या पंपाचे सुटे भाग आम्ही करायचो. मायक्रॉनमधलं काम. तेवीस वर्षं केलं. एक्सलो पॉईंटपासून आत वळलं की कटिंग ऑईलचा एक वास येतो, तो माझ्या शर्टांना कायमचा लागला होता. बायको म्हणायची, तुमचे कपडे वेगळे धुवावे लागतात.

एप्रिल २०१९मध्ये मारुतीनं जाहीर केलं की पुढच्या एप्रिलपासून डिझेल गाड्या बंद. १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-सहाचे नियम लागू होणार होते, आणि छोटी डिझेल गाडी त्या नियमांत बसवायची तर फार महाग पडत होती. ती बातमी आम्ही कँटीनमध्ये वाचली. कुणीतरी म्हणालं, "ट्रक तर डिझेलवरच चालणार ना!" त्याचं काही चुकलं नव्हतं, ट्रक आजही डिझेलवरच चालतात. फक्त आमच्या कंपनीला तेवढी माणसं लागेनाशी झाली. मग मार्चमध्ये लॉकडाऊन आला, आणि ऑक्टोबरमध्ये नोटीस बोर्डावर 'स्वेच्छानिवृत्ती योजना' लागली. स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आमची.

माझं वय तेव्हा चव्वेचाळीस. मुलगी नववीत. घराचे हप्ते सात वर्षांचे बाकी. बायको पतसंस्थेत नोकरीला, म्हणून चूल पेटत राहिली, नाहीतर अवघड होतं.

आठ महिने घरी होतो. या आठ महिन्यांत मला मिसळीचं दुकान टाकण्याचे चार, विम्याची एजन्सी घेण्याचे तीन आणि गावी जाऊन द्राक्षं लावण्याचा एक असे सल्ले मिळाले. (गावी आमची द्राक्षाची जमीन नाही. सल्ला देणाऱ्याला ते माहीत होतं.)

मला आठवत राहिला तो २०११ सालचा एक माणूस. आमच्या कंपनीत तीन दिवस ऑडिटला आला होता. हातात टाँग टेस्टर, खिशात वही. प्रत्येक मोटरचा करंट घेत फिरायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं मॅनेजमेंटला सांगितलं की तुमच्या कॉम्प्रेसरची तीस टक्के हवा नुसती गळून जाते. हे मी दहा वर्षं सांगत होतो! मला उत्तर मिळायचं, "नंतर बघू, आधी प्रॉडक्शन." त्याला शाल-श्रीफळ आणि चेक मिळाला. तेव्हा फार राग आला होता. बेकार बसल्यावर तोच राग कामाला आला म्हणायचा.

ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१चा. त्याखाली २००२ साली केंद्र सरकारचं ऊर्जा दक्षता ब्युरो सुरू झालं. हे ब्युरो एक परीक्षा घेतं. ऑडिटर व्हायचं तर चार पेपर. पहिला सर्वसाधारण, दुसरा उष्णतेचा, तिसरा विजेचा, आणि चौथा पुस्तक उघडं ठेवून लिहायचा. (पुस्तक उघडं ठेवायला मिळतं म्हणून हुरळून जाऊ नये. पुस्तक शोधण्यातच वेळ जातो.) डिप्लोमावाल्याला सहा वर्षांचा अनुभव लागतो, माझ्याकडे तेवीस होता. एकाच टेबलाच्या एका बाजूला मुलगी दहावीचं करत होती, दुसऱ्या बाजूला मी. ती मला मध्येच विचारायची, "बाबा, तुमचा कितवा चॅप्टर?"

विजेचा पेपर सोपा गेला. उष्णतेच्या पेपरात मी पहिल्या वेळी आपटलो. बॉयलर! मेन्टेनन्सला असलो तरी बॉयलरच्या खोलीत मी क्वचित जायचो, कारण तिथे मामा होते आणि मामा असताना तिथे काही बिघडायचं नाही.

मामा म्हणजे आमच्या कंपनीतले बॉयलर अटेंडंट. सगळी कंपनी त्यांना मामाच म्हणायची. सुटे भाग धुवायला आणि फॉस्फेटिंगच्या टाक्या तापवायला वाफ लागायची, ती मामा द्यायचे. त्यांनीही माझ्याच दिवशी, त्याच टेबलावर, तोच कागद सही केला होता. मी नापास झाल्यावर त्यांना फोन केला. म्हटलं, मामा, ब्लोडाऊनचं गणित डोक्यात शिरत नाहीये. ते म्हणाले, "साहेब, गणिताचं मला नाही माहीत. मी सांगतो काय होतं ते." आणि मग सांगितलं. पाणी उकळून वाफ जाते, क्षार मागे राहतात, ते साठत जातात, पाणी घट्ट होतं, फेस धरतं, वाफेबरोबर पाणी उडायला लागतं. म्हणून खालून थोडं पाणी सोडून द्यायचं. फार सोडलं तर तापवलेलं पाणी वाया, कमी सोडलं तर नळ्यांना खवले. "डाळ शिजवताना वरचा फेस काढतात, इथे खालून काढायचा एवढंच." असे सहा-सात फोन झाले. दुसऱ्या खेपेला त्या पेपरात मला शंभराच्या वर मार्क पडले. दीडशेपैकी.

पास झाल्यावर एका छोट्या सल्लागार फर्ममध्ये लागलो. वीज मंडळातून निवृत्त झालेले एक सर, दोन इंजिनियर पोरं, आणि मी. हातात येणारा पगार पूर्वीच्या निम्म्याहून कमी. भाच्याला ग्रीन जॉबचं जे चित्र दिसतं, पवनचक्क्या, डोंगर, पांढरं हेल्मेट घातलेली हसरी माणसं, त्यातलं माझ्याकडे फक्त हेल्मेट आहे. तेही पिवळं.

कामाबद्दल मात्र तक्रार नाही. खरं सांगायचं तर जे काम मी तेवीस वर्षं चोरून, वेळ काढून करायचो, ते आता उजळ माथ्यानं करतो. हवेची गळती शोधायची उत्तम वेळ म्हणजे जेवणाची सुट्टी. मशीनं थांबतात, आणि मग सगळ्या शॉपमध्ये फुस्स... फुस्स... ऐकू येतं. कुठे कपलिंग ढिलं, कुठे पाईपला चीर, कुठे एअर गनचा चाप अडकलेला. तीन मिलिमीटरच्या भोकातून सात बारच्या दाबाला जी हवा जाते ती तयार करायला साधारण तीन किलोवॉट लागतात. भोक काही सुट्टी घेत नाही. चोवीस तासांचे बहात्तर युनिट, नऊ-साडेनऊ रुपये दरानं रोजचे साडेसहाशे-सातशे रुपये. एका भोकाचे! मालकाला हे आकडे दाखवले की तो त्या भोकाकडे असा बघतो की जणू ते आत्ताच पडलंय. आणि ते बुजवायला काय लागतं? पन्नास रुपयांचं कपलिंग आणि एक माणूस, ज्याला 'आधी प्रॉडक्शन' असं कुणी म्हणणार नाही.

सुरुवातीला आम्हाला बोलावणारे सगळे वीजबिलासाठी बोलवायचे. विशेषतः एप्रिल २०२०पासून महावितरणनं उच्चदाबाच्या ग्राहकांना केव्हीएएच पद्धतीनं बिल लावायला सुरुवात केली, तेव्हा पॉवर फॅक्टर खराब असलेल्यांची धावपळ उडाली. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र वेगळे फोन येतात. "ते कार्बनचं काय आहे हो? आमच्या कस्टमरनं एक्सेल शीट पाठवलीय." कारण असं की, सेबीनं शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३पासून पर्यावरणाचा, कामगारांचा सगळा हिशेब अहवालात देणं सक्तीचं केलं. त्या मोठ्या कंपन्या आता आपल्या पुरवठादारांना विचारतात, आणि ते पुरवठादार अंबड-सातपूरच्या शेडमध्ये बसलेले असतात. शिवाय युरोपनं ऑक्टोबर २०२३पासून आयात मालातल्या कार्बनची माहिती मागायला सुरुवात केली, आणि १ जानेवारी २०२६पासून त्यावर प्रत्यक्ष आकारणी लागू झाली. पोलादी नट-बोल्टसुद्धा त्यात येतात. बारा मशीनचा मालक रात्री जेवण झाल्यावर चष्मा लावून 'स्कोप वन, स्कोप टू' वाचत बसलेला मी पाहिलाय. दया येते.

अशाच एका मालकाचा २०२४च्या डिसेंबरात फोन आला. पावडर कोटिंगची शेड. पत्र्याचे भाग आधी गरम पाण्याच्या टाक्यांतून धुवून, फॉस्फेट करून मग पावडर मारतात. टाक्या साठ अंशांच्या आसपास ठेवाव्या लागतात, आणि त्यासाठी डिझेलवर चालणारा जुना बॉयलर. मी बॉयलरच्या खोलीत शिरलो, आणि समोर मामा.

मला माहीतच नव्हतं ते तिथे लागलेत. मधल्या वर्षभरात फोन नव्हता झाला (माझीच चूक). मामांना काय आनंद झाला! पोराला चहा आणायला पाठवलं. "आमचे साहेब आहेत, मोठी परीक्षा पास झालेत," असं त्यांनी दुसऱ्या अटेंडंटला सांगितलं. मग लॉगबुक काढून दिलं. मालकानं मला सांगितलं होतं, डिझेल दिवसाला पंचेचाळीस लिटर लागतं. मामांच्या लॉगबुकात साठ होतं, आणि मामांचं लॉगबुक खोटं असू शकत नाही. मी खालून वाचत गेलो, तेवीस वर्षांपूर्वीचंच अक्षर. वाफेच्या पाईपवर कुठे इन्सुलेशन निघालंय, कुठला ट्रॅप गळतोय, सगळं त्यांनी स्वतः फिरून दाखवलं. निघताना म्हणाले, "साहेब, चांगलं लिहा. बर्नर जुना झालाय. नवा बसवायला सांगा मालकाला, माझं ऐकत नाही तो."

मी घरी येऊन गणित मांडलं. एका लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट उष्णता असते. जुना बॉयलर, गळके पाईप धरून टाकीपर्यंत पोचते साडेसात. म्हणजे साठ लिटरमागे रोज साडेचारशे युनिट उष्णता, आणि नव्वदच्या भावानं खर्च पाच हजार चारशे. हीच उष्णता हीट पंपानं द्यायची तर? हीट पंप म्हणजे उलटा फ्रीज. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो, म्हणून एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळते. दीडशे युनिट वीज, साडेनऊ रुपयांनी चौदाशे पंचवीस. दिवसाला जवळजवळ चार हजारांची बचत, महिन्याला एक लाखाच्या वर. टाकी, पाईप सगळं धरून खर्च सोळा लाख. सोळा महिन्यांत वसूल.

बर्नर बदलणं, ट्रॅप आणि इन्सुलेशन दुरुस्त करणं, हे मी 'पर्याय एक' म्हणून लिहिलं. पंधरा टक्के डिझेल वाचलं असतं. हीट पंप 'पर्याय दोन'. रिपोर्ट जाण्याआधी मालकानं फोनवर विचारलं, "साहेब, माणसांचे धरले का यात?"

वाफेचा नोंदणीकृत बॉयलर चालवायला सर्टिफिकेटवाला अटेंडंट लागतो, तसा कायदाच आहे. हीट पंपाला कुणीच लागत नाही. दोन पाळ्यांचे दोन अटेंडंट, सोळा-सोळा हजार. वर्षाचे तीन लाख चौऱ्याऐंशी हजार. ते धरले की सोळा महिन्यांचे बारा महिने होतात. बारा महिने म्हणजे एक वर्ष, आणि 'एक वर्षात वसूल' हे वाक्य मालक लोकांना जसं कळतं तसं 'सोळा महिने' कळत नाही. सरही म्हणाले, "बरोबर आहे त्याचं, खर्च तो खर्च." कुणी जबरदस्ती केली नव्हती. मी नाही म्हटलं असतं तर फार तर सरांनी स्वतः ती ओळ घातली असती. पण ती ओळ मी घातली. तक्त्यातली सातवी ओळ. 'बॉयलर अटेंडंट (२) – वार्षिक बचत ३,८४,०००.' टाईप करताना एकदा थांबलो होतो, एवढंच स्वतःच्या बाजूनं सांगता येतं.

फेब्रुवारीत हीट पंप बसला. दुसरा अटेंडंट तरुण होता, त्याला पावडर बूथवर घेतलं. मामा सत्तावन्नचे. तेही ठेकेदाराच्या खात्यावर. महिनाअखेर हिशेब झाला आणि त्यांचं काम संपलं.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "साहेब, ते फ्रीजसारखं मशीन तुम्हीच सांगितलं म्हणे."

"हो मामा."

"चांगलं आहे. आवाज करत नाही."

याच्यावर काय बोलायचं? मी म्हटलं, मामा, काहीतरी बघू. ते म्हणाले, "बघा." त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

बघितलं. सौर पॅनल बसवणाऱ्यांसाठी सरकारचा 'सूर्यमित्र' नावाचा तीन महिन्यांचा कोर्स २०१५पासून आहे, त्याच वर्षी हरित नोकऱ्यांसाठी एक कौशल्य परिषदही दिल्लीत स्थापन झाली. कोर्सची माहिती मी मामांना वाचून दाखवली. आयटीआय झालेल्या पोरांसाठी तो चांगलाच आहे. २०२४पासून घरांच्या छपरांवरच्या सौर वीजेला तीन किलोवॉटला अठ्ठ्याहत्तर हजारांपर्यंत अनुदान मिळतं, त्यामुळे सिडकोतल्या गच्च्यांवर सध्या अशा पोरांना काम आहे. पण मामांचे गुडघे गेलेले. पत्र्यावर चढणार कोण? ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ऊन चांगलं आहे पण माझ्या कामाचं नाही."

दोनदा त्यांना गळतीच्या सर्व्हेला बरोबर नेलं. आमच्याकडे अल्ट्रासॉनिक यंत्र आहे, कानाला न ऐकू येणारी गळतीसुद्धा पकडतं. आमच्या इंजिनियर पोरानं यंत्र घेऊन सत्तावीस जागा काढल्या. मामांनी नुसत्या कानानं आणि हाताच्या पाठीनं एकोणीस काढल्या, त्यातल्या चार यंत्राच्या यादीत नव्हत्या, कारण पोरगं त्या कोपऱ्यात गेलंच नव्हतं. सरांनी त्यांना दिवसाचे आठशे दिले. पण असं काम महिन्यातून दोन दिवस, आणि पुढच्या कंपनीनं विचारलं, "यांचं क्वालिफिकेशन काय?" तेव्हा ते थांबलं.

आता या हरित हिशेबाचंही सांगतो, कारण भाचा मला तेच विचारतो. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साईड. साठ लिटरचे १६१ किलो. हीट पंप विजेवर चालतो म्हणजे स्वच्छ, असं नाही. आपल्या देशाच्या ग्रिडमध्ये युनिटमागे अजून सुमारे ०.७ किलो निघतो, कारण बरीचशी वीज कोळशाची. लांब कशाला, आपलं एकलहऱ्याचं केंद्रही कोळशावरचंच. दीडशे युनिटचे झाले १०५. म्हणजे वाचले रोजचे छप्पन्न किलो. एक तृतीयांश. कमी नाही, पण मालकाचे पैसे जेवढे वाचले, जवळजवळ तीन चतुर्थांश, तेवढं पर्यावरण काही वाचलं नाही. ग्रिडमध्ये सूर्य आणि वारा वाढेल तसतसा हा आकडा सुधारेल, आणि डिझेल बॉयलर कधीच सुधारला नसता. म्हणून उद्या पुन्हा तीच शेड समोर आली तर मी हीट पंपच लिहीन. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका सातव्या ओळीबद्दल आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१८चा एक अहवाल आहे. त्यात म्हटलंय की जगानं तापमानवाढ रोखायची पावलं उचलली तर २०३०पर्यंत दोन कोटी चाळीस लाख नोकऱ्या नव्या तयार होतील आणि साठ लाख जातील. व्याख्यानांत पहिला आकडा मोठ्या अक्षरात असतो. मी स्वतः एका कॉलेजात स्लाईडवर दाखवलाय. २०१५च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेतसुद्धा कामगारांसाठीच्या न्याय्य संक्रमणाचा उल्लेख आहे. सगळं छान आहे. गंमत अशी की मी दोन्ही बाजूंना जाऊन आलो. डिझेलमुळे माझी नोकरी गेली ती त्या जाणाऱ्यांत, आणि आता करतो ती येणाऱ्यांत. मला मध्ये पूल मिळाला कारण बायकोचा पगार होता, डिप्लोमा होता, वय चव्वेचाळीस होतं, आणि रात्री नऊला फोन उचलून ब्लोडाऊन समजावणारा माणूस होता. त्या माणसाला मात्र माझ्यासारखं कुणी मिळालं नाही. मिळालो तो मी मिळालो, सातवी ओळ घेऊन.

तेव्हापासून मी रिपोर्टमध्ये माणसांची बचत तक्त्यात धरत नाही. वेगळ्या पानावर लिहितो, की या बदलानं अमुक काम बंद होईल, ते करणारा माणूस अमुक वर्षं इथे आहे, त्याला गळती तपासणीवर, पाण्याच्या प्रक्रियेवर किंवा मीटर नोंदींवर असं असं घेता येईल. सर कुरकुरतात. "आपण एनर्जी ऑडिटर आहोत, कामगार आयुक्त नाही." आत्तापर्यंत असे पाच रिपोर्ट गेले. तीन मालकांनी ते पान वाचलं नसावं. एकानं वाचून हसून सोडून दिलं. एकानं त्याच्या बॉयलरवाल्याला खरंच रोज सगळ्या शॉपमधून फिरून गळत्यांना लाल टॅग लावायच्या कामावर ठेवलं, आणि सहा महिन्यांत त्या माणसाचा पगार गळतीतूनच निघाला. एकच उदाहरण आहे, त्याचा डोंगर करत नाही.

मामा आता पाथर्डी फाट्याकडे एका अपार्टमेंटला रात्रीचे वॉचमन आहेत. बारा हजार.

तर परवाचा फोन. रात्रीचे अकरा. "साहेब झोपलात का? आमचा पाण्याचा पंप दर वीस मिनिटांनी चालू होतोय. सगळे झोपलेत, नळ कुणाचा चालू नाही. मग पाणी जातंय कुठं?" बायको म्हणाली, "आता? या वेळेला?" पण मग तिनंच गाडीची किल्ली शोधून दिली.

गेलो. मामा जिन्यात टॉर्च घेऊन उभे. मी मोटरपाशी वाकलो तर म्हणाले, "तिथं नाही. इकडं या," आणि मला पावसाच्या पाण्याच्या पाईपपाशी नेलं. "कान लावा." कान लावला. कोरड्या ठणठणीत दिवसांत पावसाच्या पाईपमधून पाणी वाहत होतं. गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह अडकलेला, टाकी वरून वाहत होती, आणि बिल्डरनं ओव्हरफ्लोचा पाईप शहाणपणानं पावसाच्या पाईपला जोडून दिल्यामुळे कुणाला कधी दिसलंच नव्हतं. गुडघे धरत मामा पाच मजले चढले. मी नको म्हणत होतो. फ्लोट तारेनं बांधून ठेवला आणि आम्ही खाली येऊन बसलो.

"किती जात असेल हो?" मामांनी विचारलं. दीड एचपीचा पंप, रोजचे निदान चार-पाच युनिट फुकट, पाणी वेगळं. म्हणाले, "सेक्रेटरीला लिहून द्या. मी सांगून नाही ऐकणार, तुमच्या लेटरहेडवर द्या."

गाडीत आमचा गळती नोंदीचा छापील कागद होता. तोच काढला. ठिकाण, दाब, अंदाजे नुकसान, दुरुस्तीचा खर्च. शेवटचा रकाना 'गळती कोणी शोधली'. तिथे मामांचं पूर्ण नाव लिहिलं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच लिहीत होतो, आडनावाशी अडखळलो, विचारावं लागलं. मामांनी खिशातून चष्मा काढला, टॉर्च धरून कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"नावाच्या पुढं लिहा," म्हणाले. "बॉयलर अटेंडंट, सेकंड क्लास."